घंटेतली लोकर

किमी ०. वाहनं : शून्य. आवाज : चाकाचा.

फाट्यावर एक पाय टेकवून मोहिनीनं तक्त्यात एवढं लिहिलं आणि सायकल मोरांच्या अभयारण्यात घातली. तिच्या सायकल मंडळाला बीडच्या आसपासचे शांत रस्ते निवडायचे होते. तीन बघून झाले होते. हा चौथा.

"तो सोड," सुरजदादा म्हणाला होता. "तिथं काय बघायचंय?"

तिच्या सायकलीत आजवर कधीच लक्ष न घालणारा भाऊ. म्हणून तर ते तिच्या लक्षात राहिलं.

किमी ४. वाहनं : शून्य. आवाज : मोर, दोनदा. वारा.

रस्ता तिच्या ओळखीचा होता. म्हणजे, झोपेतून ओळखीचा. दीड महिन्यापूर्वी कडा गावचं लग्न उरकून परतताना दादानं जवळचा म्हणून गाडी इकडूनच घातली होती. दिवेलागणीची वेळ. ती मागच्या सीटवर झोपलेली. झोपेतच एक हिसका बसला आणि घंटा ऐकू आली. टण्ण. डोळे उघडले तर गाडी पळत होती.

"रानडुक्कर होतं," दादा म्हणाला.

"आणि घंटा?"

"डुकराच्या गळ्यात घंटा असते का, येडे? झोप."

तो हसला. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तो बंपर बदलून आणायला नगरला गेला. बीडमध्ये चार गॅरेजं सोडून नगरला. तेव्हापासून तो एकच टोला तिच्या कानात कधीही पडायचा. नळ सोडताना. जिना उतरताना.

किमी ७. वाहनं : शून्य. आवाज :

रकाना रिकामाच राहिला. बाभळीवर तीन मोर बसले होते, पण ओरडत नव्हते. वारा पडला होता. "मोहिनी," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, कान ठीक आहेत का बघायला.

ठीक होते.

किमी ९.

वळण घेतलं आणि समोर मेंढरं. शे-दीडशे, अख्खा रस्ता भरून. मेंढरं दिसायच्या आधी ऐकू येतात. ही आली नव्हती. एकही ओरडत नव्हतं. डांबरावर फक्त खुरं, सुपातून दाणे सांडावेत तशी. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात ओंजळीएवढी पितळी घंटा होती. ती झुलत होती. वाजत नव्हती.

मोहिनी उतरून उभी राहिली. मागून खांद्यावर घोंगडं टाकलेला म्हातारा आला.

"मामा, घंटा वाजत का नाही?"

"कावून ईचारतीस?" त्यानं तिच्याकडं, मग सायकलीकडं पाहिलं. मेंढ्याचं शिंग धरून त्यानं घंटा उलटी केली. आत काळी लोकर ठासून भरलेली. "मुकी केलीय. मी बंकट. माजा धाकटा भाऊ, भागवत, ह्याच वळणावर गेला. म्होरं चालायचा, ह्या मेंढ्याच्या अंगाला अंग लावून. गाडी आली, उडवून गेली. मेंढा वाचला."

"गाडी सापडली?"

"न्हाई. लिहून नेलं पोलिसांनी. कुणी बघितलीच न्हाई."

"आणि ही लोकर?"

"आमच्या भावकीत असंच हाय. ज्याच्या हातून माणूस गेलं त्यानं यायचं, आपल्या हातानं बोळा काढायचा. तवर कळप मुका."

"आणि तो आलाच नाही तर?"

"यील की. रस्ता त्याच्या पायाखालचा हाय. आमी रोज सांजच्याला हितं असतो. आमाला काय घाई न्हाई."

घंटेच्या काठाला एक पोचा होता. मोहिनी त्याच्याकडं बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज झोपेतल्यासारखा होता.

"एकदाच वाजली ना, मामा? एकदाच. मग नाही."

म्हाताऱ्याचा हात शिंगावरून सुटला. मेंढा थांबला. मागची सगळी मेंढरं थांबली. खुरांचा आवाजही गेला.

"हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाई," बंकट हळू म्हणाला. "पोलिसाला न्हाई. घरात बायकूला बी न्हाई. लेकी, तू कुठं होतीस?"

मागं उतार होता. पेडल न मारताही ती फाट्यावर पोचली असती. म्हाताऱ्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तिला दादाचं हसणं आठवलं, आणि त्यापाठोपाठ स्वतःचं.

"मागच्या सीटवर," ती म्हणाली.

बंकट ओरडला नाही. त्यानं मेंढा तिच्यापुढं आणला. तिनं घंटेकडं हात नेला, तर त्यानं तिचं मनगट धरलं.

"हा हात न्हाई. ज्याचा हाय त्याला बोलीव."

तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला दादानं उचलला.

"झालं का गं तुझं रस्ते बघणं? कुठायस?"

"नवव्या किलोमीटरला. चौथ्या रस्त्यावर."

मेंढ्यानं मान झटकली. घंटा जोरात हलली, तशीच मुकी. मोहिनीनं वाकून पाहिलं. लोकर जागच्या जागी होती.

"दादा, तुला इथं यावं लागेल. रानडुक्कर नव्हतं ते."

"येतो," सुरज म्हणाला. त्याला धाप लागली होती. "सांगशील तसं करतो. पण मोहिनी, आधी ती घंटा थांबव."