खुर्ची न सोडणारी उमेदवार

मेट्रनबाई आणि व्यवस्थापक खोलीत शिरले तेव्हा उमेदवार आधीच खुर्चीत बसलेली होती, आणि ती उठून उभी राहिली नाही. बसल्या बसल्याच “नमस्कार” म्हणाली. व्यवस्थापकाच्या ते डोक्यात गेलं.

आपली भलीमोठी बॅग तिनं समोर टेबलावर ठेवली होती. पलीकडून तिचा फक्त चेहरा आणि खांदे दिसत होते.

“मुक्कामाला आलात वाटतं?” व्यवस्थापकानं विचारलं.

“तशीही तयारी आहे.”

“बॅग खाली ठेवा.”

“राहू द्या. कागद काढायला बरं पडतं.”

कागद चांगले होते. नर्सिंगचा निकाल नुकताच लागलेला, गुण भरघोस. पण अनुभवाचा रकाना कोरा होता, आणि जागा होती प्रसूती विभागातली. याच रकान्यावर बोट ठेवून आतापर्यंत बऱ्याच रुग्णालयांनी तिला वाटेला लावलं होतं. काम दिल्याशिवाय अनुभव काय आभाळातून पडणार होता? तिला याचा मनस्वी राग आला होता. आज मुलाखतींचा शेवटचा दिवस होता आणि इथून निघायचं ते नोकरी घेऊनच, असं तिनं ठरवलं होतं.

“आधी दोन वर्षं जनरल वॉर्ड करा,” व्यवस्थापक म्हणाला. “मग बघू.”

“मला बाळंतिणींचं आणि नवजात बाळांचंच काम करायचंय. शिकताना माझं मन लागलं ते...”

ती थांबली. खिडकीकडे बघत राहिली. व्यवस्थापक टेबलावर पेन वाजवत बसला.

“...ते तिथेच. दुसरीकडे मी जाणार नाही.”

“भाषण पाठ केलंत, पण कच्चं राहिलं.”

तेवढ्यात बॅगेतला फोन वाजला. “आई, आत आहे मी,” ती हळूच म्हणाली. “अगं, आता तरी ऐक माझं,” पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. तिनं फोन बंद केला.

“घरच्यांचंही ऐकत नाही तुम्ही,” व्यवस्थापक म्हणाला. “लग्न झालंय?”

“त्याचा कामाशी काय संबंध?”

“आहे ना. मुली येतात, शिकतात, आणि बदली माणूस शोधायचं काम आमच्या गळ्यात मारून रजेवर जातात.”

“प्रसूती विभाग चालवता आणि बायकांना मुलं होतात याचाच त्रास होतो तुम्हाला?”

मेट्रनबाईंनी हसू खोकल्यात दडवलं. अर्धं आयुष्य त्यांनी याच विभागात काढलं होतं आणि तोंडाळ मुली त्यांना नव्या नव्हत्या.

“एक सांग,” त्या म्हणाल्या. “पहिलटकरीण आलीय, नातेवाईक घाबरलेत. तिची वेळ जवळ आलीय हे कसं ओळखशील?”

“नुसत्या ओरडण्यावरून नाही. तपासायचं तर आहेच, पण आधी तिला बोलतं करायचं. गप्पा मारत राहिली तर बहुतेक अजून वेळ आहे. पुढे पुढे बाई बोलता बोलता गप्प होते. हाताला येईल ते घट्ट धरते. आणि कळ ओसरली की...”

उत्तर तिथेच तुटलं.

“की काय? विसरलात?” व्यवस्थापक म्हणाला.

मेट्रनबाईंनी हातानंच त्याला गप्प केलं. कॉरिडॉरमधून एक ट्रॉली खडखडत गेली.

“...की राहिलेलं वाक्य तिथूनच पुरं करते,” उमेदवार म्हणाली.

“पुरे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “ऊठ आता.”

“आधी निकाल सांगा. मग उठते.”

“हा शुद्ध उद्धटपणा आहे,” व्यवस्थापक म्हणाला.

“असेल. दर वेळी ‘कळवतो’ म्हणतात आणि कुणी कळवत नाही. मी इथून हलणार नाही.”

मेट्रनबाईंनी टेबलावरचा फोन उचलला. आता वॉचमन येणार आणि हिला बाहेर काढणार, या समाधानानं व्यवस्थापक खुर्चीत मागे टेकला.

“व्हीलचेअर पाठव आणि लेबर रूम तयार ठेव,” मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या. “पहिलटकरीण आहे, कळा भरात आल्यात. नाव नंतर विचार गं, आपल्या वॉर्डची नवी सिस्टर आहे, एवढं सध्या पुरे.”