चार बोटं खाली

"अजून खाली घे, नीळू. चार बोटं," केशव म्हणाला.

नीळकंठने ट्रे फ्रिजच्या दारावर दाबून धरला होता. तोंडात स्क्रू, हातात ड्रिल. केशवने घरातल्या जुन्या फ्रिजच्या दाराला बाहेरून तोटी लावली होती, आत बिअरची टाकी. तोटी ठिबकायची, फरशी चिकट व्हायची, त्याची बायको सुमित्रावहिनी ओरडायच्या. म्हणून हा ट्रे. नीळकंठने तो फॅक्टरीतल्या आपल्या शॉपमधल्या, म्हणजे खात्यातल्या, स्टीलच्या कतरणीतून वाकवला आणि जेवणाच्या पिशवीत घालून फॅक्टरीच्या गेटबाहेर काढला. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. पण केशवसाठी एवढं चालायचं.

युनियनची कमिटी दर रविवारी संध्याकाळी केशवच्या याच क्वार्टरमध्ये बसायची. त्यांचं शॉप ठेकेदाराच्या घशात घालायचं चाललं होतं. ते कसं रोखायचं, हे इथे ठरायचं. आणि मंगळवारी सगळं मॅनेजमेंटच्या टेबलावर! कोणीतरी फुटला होता. केशव म्हणाला, गजानन. नीळकंठने गजाननला भर कँटीनमध्ये थोबाडीत मारली, कमिटीतून हाकललं. गजानन रडला होता. "नौटंकी साला," केशव म्हणाला होता.

"चार बोटं कशाला?" नीळकंठने तोंडातले स्क्रू काढले. "ग्लास तर आरामात बसतोय."

केशव तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो भाऊजी, ग्लासाचं काय घेऊन बसलात! तिवारी साहेबांचा बिअरचा मग केवढा उंच आहे. दर सोमवारी येतात. आता तर तो मग इथेच ठेवून गेलेत."

तिवारी म्हणजे फॅक्टरीचा पर्सोनेल मॅनेजर. शॉप ठेकेदाराला द्यायला निघालेला तोच.

"अरे यार," केशव हसला, "ते आपलं शेजारधर्म म्हणून..."

"अरेरा कॉलनीतून येतो? एवढ्या लांबून, शेजारधर्म पाळायला?"

केशव उगाच तोटी पुसायला लागला.

"वहिनी, आणा तो मग."

नीळकंठने मग तोटीखाली धरला. माप घेतलं. चार बोटं खाली भोकं पाडली, ट्रे बसवला, स्क्रू आवळले. तोटी सोडून पाहिली. फरशीवर थेंब नाही. त्याने ड्रिल पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.

"संध्याकाळी येतोयस ना?" केशवचा आवाज बारीक झाला होता. "रविवार आहे. मीटिंग."

"मीटिंग गजाननकडे," नीळकंठ म्हणाला. "त्यानं मला दार उघडलं तर."