भिंत माझी

"खिळा मारायचा नाही," मास्तर म्हणाले.

आरोग्य खात्याच्या माणसाचा हातोडा हवेतच राहिला. त्याच्या काखेत पत्र्याची पाटी होती: 'कायद्यानुसार येथे धूम्रपानास मनाई आहे.' शिलाई मशीनवर बसलेल्या मास्तरांच्या ओठांत सिगारेट होती आणि मांडीवर कुणाच्या तरी कोटाची बाही.

"मास्तर, येणाऱ्याजाणाऱ्याला धुराचा त्रास होतो."

"भिंत माझी, खिळा तुमचा. जमणार नाही."

बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. एक शेजारचा घड्याळवाला, दुसरे पेन्शनीतले हेडक्लार्क. दोघांनी आजवर या दुकानात साधं बटणसुद्धा लावून घेतलं नव्हतं. पण दुपार झाली की बाक त्यांचा, आणि मास्तरांच्या जोडीनं काढलेला धूरही त्यांचा.

मास्तरांची बायको मागच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर शर्टांची काजं करत बसली होती. पूर्वी ती आत, खिडकीपाशी बसायची. खोकला जडला तशी तिची खुर्ची आधी दाराशी सरकली, मग दाराबाहेर गेली. निदान दुकानात तरी ओढू नका, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "दुकान माझं आहे." ते उभं करताना हिच्या बोटांचीही सुईनं चाळण झाली होती, हे त्यांना भांडताना बरं आठवत नसे.

आज सकाळी ती भांडली नाही. नुसती पिशवी भरली. संध्याकाळच्या गाडीनं बहिणीकडे जाते म्हणाली, परत कधी येणार ते म्हणाली नाही. तेव्हापासून मास्तरांनी ही एकच बाही दोनदा उलटी जोडली होती.

"पाटी नसेल तर दंड होईल," खात्याचा माणूस म्हणाला. "पुन्हा सापडलात तर टाळं."

"लावा टाळं. माझ्या दुकानात कुणी काय ओढायचं ते बाहेरच्यानं येऊन सांगायचं नाही."

माणूस पाटी काखोटीला मारून चालता झाला. जिन्यावरची सुई थांबली. बायकोनं दातानं दोरा तोडला, उरलेली बटणं डबीत घातली आणि ती पिशवी आणायला वर घरात गेली.

"वा मास्तर! चांगली जिरवलीत त्याची," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी खुशीत नवी सिगारेट तोंडात धरली. घड्याळवाल्यानं काडी ओढली. मास्तरांनी ती फुंकर मारून विझवली.

"बाहेर व्हा."

"म्हणजे? आत्ताच तर आमच्यासाठी भांडलात."

"भिंतीसाठी भांडलो. तुमच्या धुरासाठी नाही."

स्वतःची सिगारेट त्यांनी बशीत चिरडली. उरलेलं पाकीट हेडक्लार्कांच्या खिशात कोंबलं आणि दोघांना बाकासकट फुटपाथवर काढलं. फुकटची बैठक मोडल्याचं दोघांनाही फार वाईट वाटलं. मग मास्तरांनी खिडकी सताड उघडली, कोटाचं उरलेलं काळं कापड घेतलं आणि मशीनमध्ये पांढरा दोरा ओवला.

गाडीची वेळ झाली तशी बायको खाली आली. रस्त्यावर जायला दुकानातूनच वाट होती. सवयीनं नाकाला रुमाल लावूनच ती आत शिरली. मास्तर मशीनवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला पाटी लावू दिली असती तर काय बिघडलं असतं?" तिनं विचारलं. "सरकारचंसुद्धा ऐकायचं नाही म्हणजे काय?"

"सरकारचं ऐकलं असतं, तर तुझं कधी ऐकलं असतं?"

मास्तरांनी दोरा तोडला. उठून कापड भिंतीला धरलं, मघाशी खिळा अडवला होता नेमकं तिथंच. काळ्यावर पांढऱ्या टाक्यांत लिहिलं होतं: 'इथे विडी-सिगारेट ओढायची नाही. मालकिणीचा हुकूम.'

तिनं रुमाल खाली घेतला. वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग पिशवी कापड बेतायच्या टेबलावर ठेवली आणि हात पुढे केला.

"हुकूम तिरका शिवलाय," ती म्हणाली. "द्या इकडे."