बाईच्या हातचे चिरे

"बायलमाणसान काढलेलो चिरो घट्ट होणा नाय," धोंडू गवंड्याने राशीकडे न बघताच निकाल दिला. "ह्यांची भिंत मी बांधूचंय नाय."

कट्टा गावाच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, सत्यवती आपल्या जांभ्याच्या दीडशे चिऱ्यांजवळ उभी होती. नवरा शिवा माडावरून पडून खाटेला खिळलेला, मातीची भिंत गेल्या पावसाने खाल्लेली. मग हिनेच पदर खोचला, टिकाव घेतला नि शिमग्याआधीपासून एकटीने चिरे कापले. मिरगाचा पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. भिंत उभी राहिली नाही तर आजारी माणूस आणि दोन पोरं उघड्यावर. आणि आता हे धोंडूचं शास्त्र! दगडाला म्हणे बाई नि बुवा कळतो.

मुंबई राज्याच्या खनिज पाहणीवर आलेले साहेब बाजूलाच दगडाचे तुकडे पिशवीत भरत होते. त्यांना राहवेना.

"अहो मिस्त्री, हा मुळात काळा कातळ. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं विरघळेल ते वाहून नेलं. उरलं त्यात लोखंड जास्त, म्हणून हा लाल. जमिनीत ओल असते तोवर मऊ. वारा लागून ओल गेली, की कण एकमेकांना घट्ट धरतात. हात कोणाचा, हे त्याला काय कळणार?"

"पुस्तकात तसा आसतला, साहेबानू. पण भिंत कोसाळली तर लोक माकाच नावा ठेयतले."

धोंडूने कडेचा एक चिरा उचलला, डोक्यावर नेला आणि सोडला. दोन तुकडे झाले.

"बघलंस?"

सत्यवती वाकली. फुटलेल्या जागी तिने बोट फिरवलं, ते ओलं नि लाल झालं.

"काकानू, ह्यो काल सांजचो. काल काढलेलो चिरो तुमच्या बापाशीन तरी कधी भिंतीत घातल्यान?"

पलीकडच्या राशीतला एक चिरा तिने स्वतःच उचलला. "ह्यो शिमग्याआदीचो." डोक्यावर नेला नि सोडला. चिरा सड्यावर आदळला, ठण्ण वाजला, उलटा पडला. त्याचा कोपरासुद्धा उडाला नाही.

"आवशीक खाव!" धोंडूच्या तोंडून गेलं. त्याने चिरा चारी बाजूंनी फिरवून पाहिला, नखाने खरवडला. मग आपल्या पिशवीतून भिंतीचा ओळंबा काढला.

"फाल्यां सकाळीच भिंतीचो पायो धरतंय," तो हळूच म्हणाला. "पण कोणी इचारल्यान तर चिरे तुझ्या घोवान, शिवान काढल्यान म्हणान सांग. गावात ता बरा दिसता."

सत्यवतीने पदराने हाताची लाल माती पुसली.

"घोवाचा नाव मी तोंडान घेणंय नाय, काकानू. माझाच सांगतलंय."