तपस न पाहिलेल्यांची मंडळी

“खोकू नकोस रे, डेरिक!” ग्लेनिस दबक्या आवाजात ओरडली. “आपण आलोय हे अख्ख्या नॉरफोकला कळलं!”

“खोकला काय विचारून येतो, बाई?” डेरिकने थर्मासचं झाकण फळीवर आपटलं. समोरच्या पाण्यातली बदकं दचकून उडाली.

ग्लेनिसला हसू आवरेना. दलदलीच्या काठावरच्या लाकडी खोपटात, अरुंद फटीसमोर दोघं बाकावर खेटून बसली होती. बाहेर बोरूचं पिवळंधमक रान आणि त्याच्या कडेला गोठलेलं पाणी. अशा कडाक्यात तपस हमखास उघड्यावर येतो, असं सगळे सांगायचे. बगळ्याच्या कुळातला हा पक्षी महालाजरा. बोरूत उभा राहिला की शोधून सापडत नाही.

गावात ज्यांना तो कधीच दिसला नव्हता, त्यांनी मिळून ही दर शनिवारी इथे जमणारी मंडळी काढली होती. नियम डेरिकचा. ज्याला तपस दिसेल, त्याने त्याच दिवशी सगळ्यांना पबमध्ये जेवू घालायचं आणि मंडळीतून बाहेर पडायचं. न पाहिलेल्यांत पाहिलेल्याचं काय काम? बिचाऱ्या विनीला नुसती मान दिसली होती, तरी डेरिकने टाळ्या वाजवून तिला निरोप दिला. मग बार्नी गेला, त्याच्यामागून त्याची बायको. आता ही दोघंच उरली होती.

नवरा वारल्यापासून ग्लेनिस शनिवारच्या आशेवर आठवडा ढकलायची. फाटकाशी डेरिकची लोकरी टोपी दिसली की तिला बरं वाटायचं. पण हे त्याला सांगायची सोय नव्हती. त्याने थट्टाच केली असती. तपस दिसला की मंडळी बंद आणि शनिवारही बंद. त्यामुळे तो दिसावा असं तिला वाटायचं आणि दिसू नये असंही.

“आज काही तो यायचा नाही,” म्हणत डेरिक चहा ओतायला खाली वाकला.

तेवढ्यात बोरू हलला.

तपस बर्फावर आला. अगदी समोर. एक पाय उचलला, टाकू की नको असा विचार केला, मग टाकला. सोनेरी अंगावर तपकिरी रेघा, हिरवट पाय. ग्लेनिसचे डोळे भरून आले. इतका सुंदर असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

गप्प बसलं तर? डेरिक चहा ओतायला जन्म लावतो. तोवर पक्षी आत जाईल. कुणाला कळणार आहे?

पण हा गडी इतके हिवाळे इथे कुडकुडत बसला, आणि त्याच्या तोंडचा घास आपण काढायचा? तिला स्वतःचीच लाज वाटली. शनिवार गेला तर गेला.

“डेरिक,” ती कुजबुजली, “चहा ठेव. समोर बघ. बर्फावर.”

डेरिकने मान वर केली. दुर्बिणीला हातही लावला नाही.

“दिसला तुला?” त्याचा चेहरा उतरला.

“अरे, बघ तरी! किती देखणा आहे!”

“देखणा आहेच,” डेरिक म्हणाला. “गेल्या हिवाळ्यात तर याहून जवळ आला होता. तू नेमकी सँडविचचा कागद सोडत होतीस, म्हणून वाचलो.”