भरारी पथक

मेनूकार्ड उलटं धरलंय, हे ताईला वेटरने सांगितलं तेव्हा कळलं. तिने ते सुलटं केलं, एक सूप मागवलं आणि पुन्हा कार्डाच्या कडेवरून खिडकीजवळच्या टेबलाकडे बघायला लागली.

तिथे तिची धाकटी बहीण बसली होती, आणि समोर तो. डेटिंग अ‍ॅपवर जमलेला, आज पहिल्यांदाच भेटणारा.

ठरलं होतं ते असं: धाकटीने केस बांधले की ताईने तिला फोन करायचा, पिल्लूला ताप आलाय, लगेच घरी ये. पिल्लू म्हणजे ताईची चार वर्षांची लेक. ती घरी आजीजवळ ठणठणीत होती. खोट्या तापाचं नाव काढल्याने खरा यायचा, अशी धाकधूक ताईला होतीच. पण धाकटीने गळ घातली आणि आईनेही, पोरगी एकटी जातेय, म्हणून ताईला घराबाहेर ढकललं. वर निळे कानातले घालायला लावले. पहारा द्यायला कानातले कशाला, हे ताईला कळेना. पण आईशी हुज्जत कोण घालणार?

ताई शिकवायची त्या शाळेत मुलं तिला सीसीटीव्ही म्हणत. बाहीतली चिठ्ठी, मुद्दाम पाडलेलं पेन, खोकल्याची खूण, परीक्षेच्या वर्गात तिला पाठमोरी असतानाही सगळं दिसायचं. एकाच माणसाचं काही दिसलं नव्हतं: तिच्या नवऱ्याचं. तो तिला सोडून दुसरीकडे राहायला गेला त्याच्या आदल्या आठवड्यात दोघांनी मिळून पडद्यांचं कापड निवडलं होतं. त्यानंतर तिने घरात जाहीर केलं की यापुढे कुठल्याही अनोळखी पुरुषासमोर आपण खुर्ची ओढून बसणार नाही. आपलं झालं ते झालं. धाकटीचं मात्र होऊ द्यायचं नाही.

कॉफी आली. त्या मुलाने काही न विचारता धाकटीच्या कपावरची साय चमच्याने काढून आपल्या कपात घेतली.

ताईच्या भुवया वर गेल्या. साय नुसती दिसली तरी धाकटीला मळमळतं, हे याला पहिल्याच भेटीत कसं ठाऊक? मग त्याने उठून जागांची अदलाबदल केली आणि पंख्याखाली स्वतः बसला. पंख्याखाली धाकटीला शिंका येतात.

पेपर फुटला होता. याला कुणीतरी पढवून पाठवलं होतं.

पढवणारा लगेच सापडला. ताईच्या शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला एकटाच वर्तमानपत्र उघडून बसला होता, आणि आल्यापासून त्याने पान उलटलं नव्हतं. तो खिडकीकडे बघायचा, खोकायचा, की तिकडे तो मुलगा धाकटीपुढे पाणी सरकवायचा.

ताई वर्गात उठते तशी, आवाज न करता उठली. दाढीवाल्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही त्याला कॉपी पुरवताय," ती हळूच म्हणाली. "खिशात असेल ते बाहेर काढा."

दाढीवाला दचकला, पण मुकाट्याने खिसे रिकामे करू लागला. फोन, किल्ल्या आणि हाडाच्या आकाराचं एक बिस्कीट.

"हे कुत्र्याचं आहे," तो म्हणाला. "कॉपीला कामाचं नाही."

हळूहळू उलगडा झाला. तो जनावरांचा डॉक्टर होता आणि त्या मुलाचा मामेभाऊ. मुलगा भोळा आहे, कुणाच्या तरी नादी लागायचा, म्हणून आत्याने याला लक्ष ठेवायला पाठवलं होतं. मुलाने चमचा पाडला की याने जुनी ओळख काढून मध्ये घुसायचं होतं. खोकला मात्र खरा होता. मांजरांच्या केसांची अ‍ॅलर्जी.

"जनावरांच्या डॉक्टरला?"

"कुणाला सांगू नका. आणि मला तुमचाच संशय येत होता. मेनूकार्ड उलटं धरून इतका वेळ कुणी वाचत नाही."

ताईला हसू आलं. दोघांची राखण करायची तर एकाच टेबलावरून सोपं, असं दोघांनाही पटलं. तिचं सूप इकडे आणवलं. आता आपण भरारी पथक, असं तो म्हणाला. तिने त्याला पायमोज्यांत लपवलेल्या चिठ्ठ्यांचे किस्से सांगितले. त्याने एका कुत्रीचं सांगितलं. तिला कधीपासून दुखत होतं, पण मालकीण समोर आली की ती शेपूट हलवत सगळं खायची.

"मग मालकिणीला कळायचं कसं?" ताईने विचारलं.

"नाहीच कळत. जो रोज जवळ असतो त्याला तर नाहीच. पण त्यात मालकिणीचा काही दोष नसतो."

ताईने सूपाची वाटी बाजूला सरकवली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली की तुम्ही बोलता छान. तो पुन्हा खोकला. या वेळी मांजराचा काही संबंध नसावा.

मग त्याचं लक्ष गेलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं आणि टेबलाखाली चमचा पडला होता. काचेपलीकडे रस्त्यावरून धाकटी या दोघांना हात हलवून निरोप देत होती. तिचे केस घट्ट बांधलेले होते.

सीसीटीव्हीला काही दिसलं नव्हतं.

ताई ताडकन उठली. तेव्हा तिला आठवलं की आपण भाजी आणायला गेलो तरी तीनदा फोन करणाऱ्या आईने आज एकदाही केलेला नाही. ती पटकन बाहेर आली आणि तिने घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला.

"पिल्लू झोपलीय. ते राहू दे. कसा वाटला?"

"तसा बरा वाटतो," ताई आवाज खाली आणत म्हणाली. "पण आई, साय काय, पंखा काय, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. काहीतरी गडबड आहे."

"अगं, ठाऊक असायचंच. तू शाळेत असतेस तेव्हा वर्षभर इथेच जेवतोय तो," आई म्हणाली. "मी दाढीवाल्याचं विचारतेय."