शुक्रवारचा तास

तिसऱ्या शुक्रवारीही तोताराम आबा वर्गाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, तेव्हा कामिनीच्या हातातला खडू थबकला.

धुळ्याजवळच्या त्या गावात दुसरीचा वर्ग तिच्याकडे होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला ती मुलांना शरीराविषयी सांगायची. अवयवांची खरी नावं, कुणाला कुठे हात लावू द्यायचा नाही, नको असेल तर 'नको' कसं म्हणायचं. मुलं ते 'नको' इतक्या जोरात म्हणायची की वरचे पत्रे थरथरायचे.

आबा पंधरा वर्षं सरपंच होते. आता ऐंशीला टेकले, तरी त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. "त्यांना पटलं नाही, तर तास बंद झाला समजा," असं मुख्याध्यापक जितेंद्र सरांनी बजावलं होतं. "जरा जपून घ्या."

म्हणून गेल्या शुक्रवारी तिने तास मधेच आवरला आणि मुलांना गाणं म्हणायला लावलं. घरी गेल्यावर स्वतःचाच राग आला. आज मात्र ती ठरवूनच आली होती.

"मॅडम, बाळ पोटात जातं कुठून?" किरणने विचारलं. त्याच्या आईला आठवा महिना होता.

"बाहेरून जात नाही, तिथेच तयार होतं. आईच्या शरीरातली एक बारीक पेशी आणि बाबांच्या शरीरातली एक, दोन्ही एकत्र आल्या की आईच्या गर्भाशयात बाळ वाढायला लागतं."

"बोंडात सरकी वाढते तसं?"

"साधारण तसंच."

"मग माझे कान कुणाच्या पेशीतले?"

वर्ग खदखदून हसला. त्याचे कान थेट बापाचे होते. मग प्रश्नांवर प्रश्न आले. कामिनीने एकही टाळला नाही. उत्तरं देता देता घंटा झाली आणि मुलं दप्तरं उचलून पळाली. तिला हलकं, छान वाटत होतं.

आबा दाराशी आले. वहाणा काढून आत शिरले. तिने खुर्ची पुढे केली, तर ते मुलांच्या सतरंजीवरच बसले.

"आबा, हा तास मी बंद करणार नाही," ती एका दमात म्हणाली.

"बंद कर, आसं कोन म्हने?" आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पहिला शुक्रवारले तू पोरेस्ले शेवटले काय सांगं व्हतं? कोनी वंगाळ हात लावा, तरी त्यामा लेकरूनी चूक नही. मागला बारीले तू ते सोडी दिधं. आज घंटी वाजी गई."

"हो. राहून गेलं."

"आते सांग, बेटा," आबा म्हणाले. "मी सात वरीसना व्हतू, तव्हय माले कोनीच सांगं नही."